कात्रीतून सुटलेलं फिलाडेल्फिया

आधी कोट चढवा. लोकरीचा आहे, गुडघ्यापर्यंत येतो. त्याच्या आत वेस्टकोट, वेस्टकोटाच्या आत लांब बाह्यांचा लिननचा सदरा आणि गळ्याभोवती दोन वेढे घेऊन बांधलेला पांढरा रुमाल. खाली गुडघ्याशी बकल लावायची आखूड विजार, तिच्याखाली रेशमी मोजे. तुम्ही बाई असा की पुरुष, आज सगळ्यांना हाच वेश, कारण जिथे जायचंय तिथे बायकांना प्रवेश नाही. झालं? मानेवरून घामाची पहिली धार निघाली? छान. म्हणजे आपण फिलाडेल्फियात पोचलो.

सोमवार, १ जुलै १७७६. सकाळचे नऊ. थॉमस जेफर्सन नावाचा व्हर्जिनियाचा तेहतीस वर्षांचा प्रतिनिधी आजपासूनच हवेच्या नोंदी लिहून ठेवायला लागलाय, म्हणून तापमान आपल्याला नेमकं ठाऊक आहे. पारा ८१.५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे २७.५ सेल्सियस. नागपूरकराला हसू येईल. पण नागपूरकर उन्हाळ्यात लोकरीचा कोट घालून, सगळ्या खिडक्या लावून, पन्नासेक घामेजलेल्या पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून दिवसभर भांडत बसत नाही. तुम्ही आज तेच करणार आहात.

आणि तुमच्यासाठी हे दार उघडलंय एका चित्रपटाने. त्याचं नावच ‘१७७६’. शर्मन एडवर्ड्स हे एकेकाळी इतिहास शिकवत असत. त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर गाणी रचली, पीटर स्टोन यांनी संवाद लिहिले आणि १९६९ मध्ये ब्रॉडवेवर ही संगीतिका उभी राहिली. तिचा चित्रपट १९७२ मध्ये आला. निर्माते जॅक वॉर्नर, दिग्दर्शक पीटर हंट. चित्रपटगृहात तो सुमारे १४१ मिनिटांचा दाखवला गेला. कापलेले तुकडे पुन्हा जोडल्यावर, दिग्दर्शकाच्या मनातला चित्रपट १६५ मिनिटांच्या आसपास भरला. मधल्या त्या वीस-पंचवीस मिनिटांच्या फटीतून आपण आत शिरतोय. कात्रीने काय नेलं होतं ते आधी डोळ्यांनी बघू, नाकाने हुंगू. मग गाण्याकडे येऊ.

चला, चेस्टनट स्ट्रीट. पायाखाली विटांची पायवाट आहे, तिच्यावरच राहा. रस्त्याच्या मधोमध घोडागाड्या, लीद आणि लोखंडी धावांचा खडखडाट. दक्षिणेकडून वाऱ्याची झुळूक आली तर श्वास रोखा. तिकडे डॉक क्रीक आहे. त्याचा काही भाग झाकलाय, उरलेल्या उघड्या पाण्यात कातडी कमावणाऱ्यांनी वर्षानुवर्षं सोडलेली घाण साचून आहे. पूर्वेला डेलावेअर नदी, तिकडून डांबर आणि मासळीचा वास. समोरून करड्या कपड्यांतले क्वेकर येताहेत. ते तुमच्यासमोर टोपी काढणार नाहीत. राग मानू नका, ते कुणासमोरच काढत नाहीत. शेजारून गेलेले दोघे जर्मनमध्ये घासाघीस करत होते. या शहरात ते रोजचंच आहे.

ही विटांची देखणी इमारत म्हणजे स्टेट हाउस. अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींची काँग्रेस इथेच भरते. दाराशी अँड्र्यू मॅकनेअर उभा आहे, इथला दारवान. चित्रपटातही तो आहे, खिडक्या उघडा, खिडक्या लावा या दोन हुकमांत पिचलेला. आज त्याने तुम्हाला बघून न बघितल्यासारखं केलं. पटकन आत व्हा.

आत आल्यावर पहिला धक्का आवाजाचा नाही, हवेचा बसतो. हिरवं कापड अंथरलेली टेबलं, त्यांच्यामागे लाकडी खुर्च्या, पिसांच्या लेखण्या, शाई, ती टिपायची वाळू, तंबाखू आणि माणसं. चर्चा गुप्त ठेवायची म्हणून दारं-खिडक्या बंद. तरी माशा येतातच, कारण जवळच भाड्याच्या घोड्यांचा तबेला आहे. त्या टेबलाखाली शिरतात आणि पोटऱ्यांवर बसतात. रेशमी मोजे तुम्हाला शोभून दिसत होते ना? माशीला त्यातून चावायला काहीच अडचण येत नाही. समोर बघा, भाषण ऐकता ऐकता प्रत्येकाचा एक हात रुमालाने पाय झटकतोय. जाहीरनाम्यावरच्या सह्या लवकर आटोपल्या त्या या माशांमुळेच, असं जेफर्सन म्हातारपणी रंगवून सांगायचा.

चित्रपटाने ही कोंडी फार प्रामाणिकपणे पकडली आहे. संगीतिका म्हणवणाऱ्या या नाटकात एक प्रवेश असा आहे, की अर्धा तास उलटून जातो तरी कुणी गात नाही. नुसता वाद, नुसतं मतदान, नुसता उकाडा. प्रेक्षकालाही त्या खुर्चीत घाम फुटावा, हा धीर लेखकांनी दाखवला. आणि नेमकी हीच गोष्ट कात्री हातात घेतलेल्याला सगळ्यात आधी खुपते. थांबणं, कंटाळणं, पुन्हा तेच म्हणणं. पण तुम्ही आता इथे बसलाय, तुम्हीच सांगा, हे वगळलं तर या खोलीत राहतं काय?

उभा राहिलाय तो जॉन डिकिन्सन. पेनसिल्व्हेनियाचा. अंगाने किडकिडीत, चेहरा फिकट. तो आज स्वातंत्र्याच्या विरोधात बोलणार आहे आणि आपण बोलल्यावर आपली लोकप्रियता संपली हे त्याला माहीत आहे. तो बोलतो. बाहेर आभाळ भरून येतं. तो खाली बसतो आणि मॅसॅच्युसेट्सचा जॉन ॲडम्स उत्तराला उभा राहतो. आता वीज कडाडते, काचांवर सरी आपटायला लागतात, खोली अंधारते. त्या गोंगाटावर आवाज चढवून ॲडम्स आपलं म्हणणं संपवतो न संपवतो तोच दार उघडतं आणि न्यू जर्सीचे नवे प्रतिनिधी आत येतात. ओल्या लोकरीचा वास खोलीभर पसरतो. ते म्हणतात, आम्ही काहीच ऐकलं नाही, पुन्हा सांगा. ॲडम्सच्या चेहऱ्याकडे बघा. मग तो पुन्हा सांगतो, पहिल्यापासून.

मंगळवारी पाऊस थांबलेला नाही. एक माणूस चिखलाने माखलेल्या बुटांनी, टाचेला लावलेल्या आऱ्या खणखणवत दारात उभा राहतो. सीझर रॉडनी. डेलावेअरच्या प्रतिनिधींत फूट पडलीय म्हणून निरोप गेला आणि हा रात्रभर वादळातून सुमारे ८० मैल, म्हणजे १२९ किलोमीटर, दौडत आला. चेहऱ्यावर कर्करोगाची जखम आहे, ती तो रेशमी रुमालाने झाकतो. जवळून जाताना घोड्याच्या घामाचा वास येतो. तो कपडे बदलायलाही थांबलेला नाही. मत देतो. स्वातंत्र्याचा ठराव मंजूर होतो.

संध्याकाळी क्राइस्ट चर्चच्या घंटा वाजायला लागतात. तुमच्या अंगावर काटा येतो, स्वातंत्र्याचा जयघोष म्हणून. जरा थांबा. उद्या बुधवार, बाजाराचा दिवस, आणि बाजाराच्या आदल्या संध्याकाळी इथे घंटा वाजवायची पद्धतच आहे. लोक त्यांना लोण्याच्या घंटा म्हणतात. बंद दारामागे काय ठरलं हे शहराला अजून कळायचंय. शहर लोण्याची वाट बघतंय.

तर बुधवारी बाजारात जाऊ. हाय स्ट्रीटच्या मधोमध विटांच्या खांबांवर उभे लांबच लांब आडोसे. ओट्यांवर लोणी, कोंबड्या, मांस, हिरव्या शेंगा. खेड्यांतून गाड्या जुंपून आलेले शेतकरी, टोपल्या हातात घेतलेल्या बायका, पायांत घुटमळणारी कुत्री. इथून सरळ नदीकडे चालत जा. फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर लंडन कॉफी हाउस लागेल. आत कॉफी, जहाजांच्या बातम्या, विम्याचे सौदे. बाहेरच्या फळ्यांवर मात्र वर्षानुवर्षं माणसं उभी केली गेली आणि विकली गेली. या शहरातले काही जण ते विसरायला लागलेत, काहींना ते अजून वावगं वाटत नाही. तुम्ही त्या फळ्यांसमोरून जा, पण डोळे मिटू नका.

चित्रपटाने मिटलेले नाहीत. दक्षिण कॅरोलिनाचा एडवर्ड रटलेज तिथे एक गाणं म्हणतो. जॉन कलम यांनी ते असं गायलंय, की अंधारलेल्या सभागृहाचा क्षणात लिलावाचा ओटा होतो. तो उत्तरेच्या सभ्य माणसांना सुनावतो, की गुलामांचा व्यापार करणारी जहाजं तुमच्याही बंदरांतून सुटतात आणि पैसा तुमच्याही खिशात येतो. ऐकताना बसल्या जागी आक्रसून जायला होतं.

आणि आज गुरुवार, ४ जुलै. चित्रपट बघितलेल्यांनो, कपाळ पुसायला रुमाल काढला असेल तर परत ठेवा. जेफर्सनची वही सांगते, की पहाटे ६ वाजता ६८ अंश होते आणि दुपारी १ वाजताही फक्त ७६, म्हणजे साडेचोवीस सेल्सियस. हवा चक्क सुखाची आहे. जेफर्सनने आजच थर्मामीटरचे पैसे दिले आणि बायकी हातमोज्यांचे सात जोड घेतले. हिशेबाच्या वहीत दोन्ही नोंदी आहेत. तो सातव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एका गवंड्याच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. तिथे त्याच्या दिमतीला रॉबर्ट हेमिंग्ज आहे. वय चौदा, जेफर्सनच्या बायकोचा सावत्र भाऊ, आणि जेफर्सनचाच गुलाम. सगळी माणसं समान जन्मतात हे वाक्य ज्या घरात लिहिलं गेलं, त्या घरात पाणी भरायला, कपडे झटकायला हा मुलगा होता. त्याच्याकडे नीट बघून घ्या. चित्रपटात त्याला जागा मिळालेली नाही.

सभागृहात आज कात्री चालू आहे. जेफर्सनचा मसुदा टेबलावर आहे आणि सगळे मिळून त्यातले शब्द, वाक्यं, परिच्छेद उडवताहेत. जवळजवळ चौथा हिस्सा जाणार. गुलामांच्या व्यापारावर ब्रिटिश राजाला झोडपणारा लांबलचक उतारा पूर्ण गेला, कारण दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया ऐकेनात, आणि उत्तरेतल्यांचेही हात त्या व्यापारात बरबटलेले होते. जेफर्सन एक शब्द बोलत नाही. नुसता खुर्चीत चुळबुळतो.

त्याच्या शेजारी सत्तरीचे बेंजामिन फ्रँकलिन बसलेत. त्यांना या तरुण लेखकाची दया येते. ते वाकून त्याला एक गोष्ट सांगतात. सरका जवळ, ऐकू येईल. जॉन थॉम्प्सन नावाचा एक टोप्या करणारा नवं दुकान काढत होता. त्याने पाटी योजली, जॉन थॉम्प्सन, टोपीवाला, रोखीने टोप्या बनवतो आणि विकतो, आणि शेजारी टोपीचं चित्र. पाटी मित्रांना दाखवली. एक म्हणाला, पुढे टोप्या आल्याच आहेत, ‘टोपीवाला’ काढ. दुसरा म्हणाला, कोण बनवतं याचं गिऱ्हाइकाला काय, ‘बनवतो’ काढ. तिसरा म्हणाला, इथे उधारी चालतच नाही, ‘रोखीने’ कशाला? चौथा म्हणाला, विकतोस हे सांगायला हवं का, फुकट देशील असं कुणाला वाटतंय? शेवटी पाटीवर उरलं जॉन थॉम्प्सन आणि टोपीचं चित्र.

जेफर्सन त्या दिवशी हसला की नाही कोण जाणे, पण गोष्ट आयुष्यभर विसरला नाही. तीच त्याने पुढे लिहून ठेवली. आणि आणखी एक केलं. मंजूर झालेल्या मजकुरासोबत आपला मूळ मसुदाही त्याने हाताने उतरवून मित्रांना पाठवला, की बघा, काय होतं आणि काय झालं. उतारवयात आत्मचरित्र लिहायला बसला तेव्हाही तो जाहीरनामा त्याने कापलेल्या ओळींसकट छापण्याजोगा लिहिला, खुणा करून, की हे काँग्रेसने गाळलं आणि हे घातलं. गाळलेलं परत जोडायची ओढ चित्रपटवाल्यांच्या फार आधीची आहे. या देशाच्या जन्मकागदाच्या लेखकालाच ती होती.

रात्री जॉन डनलॅपच्या छापखान्यात डोकावू. मेणबत्त्या, ओलवलेला कागद, जवस तेलाच्या शाईचा दाट वास. चामड्याचे शाईगोळे मऊ राहावेत म्हणून ते लघवीत भिजवून ठेवतात, त्यामुळे दारातच नाक चुरचुरतं. दांडा ओढला की यंत्र कण्हतं, कागद चिकटत सुटतो, दोरीवर जातो. घाई एवढी, की काही प्रतींवर मजकूर वाकडा बसतो. त्या रात्रीच्या प्रतींपैकी आज २६ जगात असल्याचं माहीत आहे. उरलेल्या भिंतींवर चिकटल्या, पावसात भिजल्या, वाचून वाचून फाटल्या.

आता कोट उतरवा. आपण १९७२ मध्ये आलोय. इथे वास फिल्मच्या रिळांचा आणि चिकटपट्टीचा आहे. जुळवाजुळवीच्या टेबलावर एका गाण्याची फीत आहे. त्यात डिकिन्सन आहे, डोनाल्ड मॅडन यांनी उभा केलेला. स्वातंत्र्यवाले बाहेर गेलेत, खोलीत सावध, सधन, आपल्या मालमत्तेला जपणारे तेवढे उरलेत, आणि ते मिन्युएट नाचताहेत. झुलत, झुकत, तोल सांभाळत, पाऊल टाकताना उजवीकडेच टाकत. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना हे गाणं रुचलं नाही आणि त्यांच्या मैत्रीखातर वॉर्नर यांनी ते काढलं, असं दिग्दर्शक हंट पुढे सांगत आले. वॉर्नर यांना मूळ निगेटिव्हसुद्धा नष्ट झालेली हवी होती. संकलनाच्या टेबलावरच्या माणसांनी ती गुपचूप सांभाळून ठेवली.

म्हणून ते गाणं आज आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते लेझरडिस्कवर परतलं, २००२ मध्ये डीव्हीडीवर आलं, आणि २०१५ च्या ब्लू-रेसाठी सगळा चित्रपट फोर-के रूपात नव्याने उजळला गेला. आता कोटांच्या कडांवरचं भरतकाम दिसतं, मेणबत्तीच्या उजेडातला घाम दिसतो.

पण उजळलेल्या रंगांपेक्षा माझ्यासाठी मोठी गोष्ट ही, की क्रम पुन्हा जुळला. या मिन्युएटच्या मध्येच आघाडीवरून धुळीने माखलेला पोऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनचं पत्र घेऊन येतो. नाचणारे त्याला फारशी किंमत देत नाहीत. ते निघून जातात, खोली रिकामी होते, आणि मग दारवान मॅकनेअरसमोर तोच पोऱ्या एक गाणं म्हणतो. गवतात मरत पडलेल्या एका मुलाचं, जो आईला हाका मारतोय. ही दोन गाणी एकामागून एक येण्यासाठीच रचली होती. पहिलं काढलं तेव्हा दुसरं नुसतं करुण राहिलं होतं. आता ते आरोप होऊन येतं. त्या मुलाचं मरण कुणाच्या नाचाच्या तालावर पडलं, हे तुम्ही नुकतंच आपल्या डोळ्यांनी बघितलेलं असतं.

आणि डिकिन्सन? त्याच्यावर या गाण्याने अन्यायही केलाय, ते सांगायलाच हवं. खरा डिकिन्सन खिशाकडे बघून अडलेला नव्हता. क्वेकर वातावरणात तो वाढला होता, तयारीविना युद्धात उतरण्याची त्याला भीती वाटत होती. ठरावाच्या दिवशी तो सभागृहातून लांब राहिला, म्हणजे पेनसिल्व्हेनियाचं मत अडू नये. मग आपली पलटण घेऊन न्यू जर्सीकडे त्याच युद्धावर गेला, जे त्याला नको होतं. १७७७ मध्ये त्याने आपल्या गुलामांना मुक्त करण्याचा दस्तऐवज केला. सह्या करणाऱ्या अनेकांनी तेवढंही केलं नाही.

चित्रपटाच्या शेवटाजवळ तो म्हणतो, की मी सही करणार नाही, पण लढायला जाईन. आणि ज्याच्याशी त्याचं सबंध चित्रपटभर वाजलेलं असतं, तो ॲडम्स सगळ्यांसमोर त्याचा मान राखतो. छोट्या आवृत्तीत हा प्रसंग येतो आणि जातो. लांब आवृत्तीत डिकिन्सनचा तोरा तुम्ही बघितलेला असतो, ते गर्वाने टाकलेलं प्रत्येक पाऊल बघितलेलं असतं, म्हणून तो टोपी उचलतो तेव्हा तो काय सोडून चाललाय हे कळतं.

तर लांबच आवृत्ती बघा. पावणेतीन तास काढा, घाई करू नका, कंटाळा आला तर तोही त्या खोलीचाच भाग आहे असं समजा. विरोधात उभ्या असलेल्यांना नाचू द्या, बोलू द्या, त्यांचं पूर्ण ऐकून घ्या. स्वातंत्र्य जिंकलं ते अशा माणसांच्या नाकावर टिच्चून आणि अशाच माणसांना सोबत घेऊन. कात्री चालते तेव्हा पहिला बळी त्यांचा जातो, आणि ते गेले की जिंकणाऱ्यांनी नेमकं काय जिंकलं हेही दिसेनासं होतं.